आकाश सर्वेक्षणे व रूपविकारी खस्थ पदार्थ

आकाश सर्वेक्षण म्हणजे आकाशाच्या विस्तीर्ण भागाचे ठराविक कालावधीने पुनःपुन्हा वेध घेऊन त्यातील पदार्थांची स्थाने व तेजस्विता यांची पद्धतशीर नोंद करण्याचे कार्य. ज्यांची तेजस्विता कालानुसार कमीअधिक होते, त्या ताऱ्यांना रूपविकारी तारे म्हणतात. अचानक उजळून मंदावणारे नवतारे व अतिदीप्त नवतारे, अनियमितपणे तेज बदलणारे क्वासार आणि काही सेकंदच टिकणारे गॅमा किरणांचे स्फोट यांचाही अंतर्भाव व्यापक अर्थाने रूपविकारी खस्थ पदार्थांत होतो. या सर्वांच्या अभ्यासात एक मूलभूत अडचण आहे. कोणताही बदल एकाच वेधावरून कळत नाही. त्यासाठी आधीचा वेध उपलब्ध असावा लागतो आणि तो घेताना त्याचा पुढे काय उपयोग होईल, हे वेधकर्त्यास ठाऊक नसते. म्हणूनच सर्व आकाशाची निरपवाद नोंद ठेवणारी सर्वेक्षणे या अभ्यासाचा पाया ठरली आहेत.

या विषयाच्या इतिहासात महाराष्ट्रातील संस्था व मराठी शास्त्रज्ञ यांचा वाटा लक्षणीय आहे. विदर्भातील वाशीम जिल्हा आणि त्याच्या लगतचा प्रदेश यांचाही या विषयाशी प्राचीन व अर्वाचीन असा दुहेरी संबंध आहे.

वत्सगुल्म व मध्यरेखा : वाशीम हे प्राचीन वत्सगुल्म होय. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी येथे होती. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. भारतीय ज्योतिषात लंकेपासून उज्जयिनी व कुरुक्षेत्र यांवरून मेरूपर्यंत जाणारी काल्पनिक रेषा ही भूमीची मध्यरेखा मानीत आणि ग्रहगणित तिच्या संदर्भाने करीत. भास्कराचार्यांनी (दुसरे) करणकुतूहल या ग्रंथात या रेषेवरील स्थळांची जी यादी दिली आहे, तीत वत्सगुल्माचा समावेश आहे. वाशीम येथील मध्यमेश्वराचे मंदिर याच रेषेवर असल्याची समजूत आहे.

आधुनिक मापनानुसार वाशीमचे रेखांश सु. ७७° ८′ पू., तर उज्जैनचे सु. ७५° ४७′ पू. आहेत. म्हणजे ही दोन स्थळे एका रेखावृत्तावर नाहीत. हा फरक सव्वा अंशाहून थोडा अधिक आहे. त्या काळी दोन स्थळांमधील देशांतर ठरविण्याचे एक साधन म्हणजे चंद्रग्रहणाच्या स्थानिक वेळांतील अंतर हे होते. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. त्यामुळे उज्जैन व वाशीम यांच्या स्थानिक वेळांत सु. साडेपाच मिनिटांचाच फरक पडतो. घटिकापात्राच्या साहाय्याने वेळ मोजणाऱ्यांच्या हातून तो निसटणे स्वाभाविक होते. वेळेच्या फरकावरून स्थान ठरविण्याचे हे तत्त्व मात्र निर्दोष असून पुढे वर्णन केलेल्या गुरुत्वीय तरंगांच्या अभ्यासात तेच वेगळ्या रूपाने उपयोगी पडले आहे.

करणकुतूहल हा ग्रंथ शके ११०५ (इ. स. ११८३) मधील आहे. त्याच्या आदल्याच दोन वर्षांत, म्हणजे ११८१–८२ मध्ये, शर्मिष्ठा तारकासमूहात एक नवा तारा सु. सहा महिने नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. चिनी व जपानी वेधकर्त्यांनी त्याची दिनांकवार नोंद केली. भारतीय सिद्धांत व करणग्रंथांत नक्षत्रांतील योगताऱ्यांचे ध्रुवक व विक्षेप दिलेले असतात. तथापि तिथी, ग्रहणे व ग्रहस्थिती यांचे गणित हे या ग्रंथांचे प्रयोजन असल्याने आगंतुक ताऱ्यांच्या नोंदीस त्यांत स्थान नव्हते. त्या ताऱ्याचे अवशेष म्हणून २०२१ मध्ये एका अंधुक अभ्रिकेकडे लक्ष वेधण्यात आले, ते पूर्वेकडील देशांतील दप्तरांत जपलेल्या नोंदींच्या आधारावरच.

प्रारंभीचे वेध : आकाशातील तारे अचल व अविकारी आहेत, ही समजूत यूरोपातही दीर्घकाळ होती. ट्यूको ब्राए यांनी १५७२ मध्ये शर्मिष्ठेतील नवीन ताऱ्याचे काटेकोर वेध घेऊन तो चंद्राच्या पलीकडे असल्याचे दाखविले. डाव्हिट फाब्रित्सिउस यांना १५९६ मध्ये तिमिंगल तारकासमूहात एक तारा उजळून पुढे दिसेनासा झाल्याचे आढळले. हाच मीरा होय. त्याचे आवर्तन सु. ३३२ दिवसांचे आहे. जॉन गुडरिक या तरुण इंग्रज वेधकर्त्याने १७८३ मध्ये अल्गॉल ताऱ्याचे तेज सु. २ दिवस २१ तासांच्या आवर्तनाने मंदावते असे दाखविले आणि एका पदार्थाने दुसऱ्यास झाकल्यामुळे असे होत असावे, असा तर्क मांडला. तो पुढे खरा ठरला.

फ्रीड्रिख आर्गेलांडर यांनी बॉन येथे एका लहान दूरदर्शकातून उत्तर आकाश पट्ट्यापट्ट्यांनी तपासून ३ लक्ष २४ हजारांहून अधिक ताऱ्यांची सूची १८५९–६२ या काळात प्रसिद्ध केली. शेजारच्या ज्ञात ताऱ्यांशी तुलना करून रूपविकारी ताऱ्याची प्रत अंदाजण्याची पद्धतीही त्यांनीच रूढ केली. ती हौशी निरीक्षक आजही वापरतात.

भारतात मद्रास वेधशाळेत नॉर्मन पॉग्सन (कार. १८६१–९१) यांच्या काळात या विषयाचे कार्य झाले. ताऱ्यांच्या प्रतींची आजची गणिती मोजपट्टी पॉग्सन यांनीच १८५६ मध्ये सुचविली होती. तीनुसार एका प्रतीचा फरक म्हणजे तेजस्वितेत सु. २·५१२ पट फरक होय. त्यांचे साहाय्यक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये आर रेटिक्युली या ताऱ्याचे रूपविकारित्व शोधून काढले. भारतीयाने लावलेला रूपविकारी ताऱ्याचा हा पहिला शोध समजला जातो.

छायाचित्रणाचा काळ : डोळ्यांनी घेतलेला वेध वेधकर्त्याच्या कागदावर उरतो, तर छायाचित्रात त्या वेळचे सर्व आकाश उरते. या फरकामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्वेक्षणांचे स्वरूप पालटले. अमेरिकेतील हार्व्हर्ड वेधशाळेने एडवर्ड पिकरिंग यांच्या नेतृत्वाखाली काचपट्ट्यांवर आकाशाची छायाचित्रे घेण्यास आरंभ केला. एका शतकात या संग्रहात पाच लाखांहून अधिक काचपट्ट्या जमा झाल्या. त्यांची तपासणी मुख्यतः तेथील महिला गणकांनी केली. त्यांपैकी हेन्रिएटा लेव्हिट यांनी लहान मॅगेलनी मेघातील २५ सेफीड ताऱ्यांचा अभ्यास करून जितके आवर्तन दीर्घ तितकी तेजस्विता अधिक, हा संबंध १९१२ मध्ये प्रसिद्ध केला. या संबंधामुळे आवर्तन मोजून ताऱ्याचे अंतर काढणे शक्य झाले. एडविन हबल यांना १९२३ मध्ये देवयानी अभ्रिकेत सेफीड तारा सापडला. त्यावरून ती आपल्या आकाशगंगेबाहेरील स्वतंत्र दीर्घिका असल्याचे सिद्ध झाले.

संपूर्ण आकाशाचा छायाचित्रीय नकाशा तयार करण्याची आंतरराष्ट्रीय योजना १८८७ मध्ये पॅरिस येथे आखण्यात आली. तीत भारतातील एकच वेधशाळा सहभागी झाली. ती म्हणजे १९०१ मध्ये स्थापन झालेली हैदराबादची निझामिया वेधशाळा होय. तिच्याकडे दक्षिण आकाशातील −१७° ते −२३° क्रांतीचा पट्टा सोपविण्यात आला होता. आजच्या हिंगोली जिल्ह्याचा प्रदेश त्या वेळी याच संस्थानात होता. पुणे येथे कावसजी नायगमवाला यांनी विज्ञान महाविद्यालयात उभारलेली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि तिचा २० इंची परावर्तक दूरदर्शक कोडईकानलला गेला. तिचे कार्य प्रामुख्याने वर्णपटविज्ञानाचे असल्याने तिचा रोख आकाशाच्या लहान भागावर होता. मोठा दूरदर्शक दूरचे पाहतो, पण आकाशाचा थोडाच भाग पाहतो. सर्वेक्षणासाठी या मर्यादेवर मात करणे आवश्यक होते.

विस्तृतक्षेत्री दूरदर्शक : बेर्नहार्ट श्मिट यांनी १९३० मध्ये गोलीय आरसा व त्यापुढे विशिष्ट वक्रतेचे शोधक भिंग बसवून अनेक अंश रुंदीचे स्पष्ट चित्र देणारा दूरदर्शक तयार केला. फ्रिट्‌झ त्स्विकी यांनी १९३६ पासून कॅलिफोर्नियातील पालोमार पर्वतावर १८ इंची श्मिट दूरदर्शकाने अतिदीप्त नवताऱ्यांचा नियमित शोध सुरू केला आणि हयातीत असे शंभराहून अधिक तारे शोधले. तेथेच ४८ इंची श्मिट दूरदर्शकाने १९४९–५८ या काळात उत्तर आकाशाचे प्रसिद्ध सर्वेक्षण पार पडले. त्यातील प्रत्येक काचपट्टीवर सु. ६·५° × ६·५° इतका भाग येत असे. हाच दूरदर्शक पुढे सत्तर वर्षांनीही नव्या कॅमेऱ्यासह कार्यरत राहिला.

अंकीय सर्वेक्षणे : भार-युग्मित प्रयुक्ती म्हणजेच सीसीडी हिचा शोध १९६९ मध्ये लागला. हिच्यामुळे प्रकाशाचे मापन थेट अंकांत मिळू लागले आणि जुन्या व नव्या चित्रांची तुलना संगणकाकडे सोपविता आली. आधी घेतलेल्या उत्तम चित्रांवरून संदर्भचित्र तयार करतात. नव्या चित्रातील धूसरता त्याच्याशी जुळवून एकातून दुसरे वजा करतात. न बदललेले तारे नाहीसे होतात आणि बदललेले तेवढे शिल्लक उरतात. परंतु वैश्विक किरणांचे ठिपके, कृत्रिम उपग्रहांच्या रेघा आणि वजाबाकीतील चुका याही शिल्लक राहतात. त्यांतून खरे कोणते, हे ओळखण्यासाठी स्वयंशिक्षण करणाऱ्या संगणकीय पद्धती वापराव्या लागतात.

या क्षेत्रात मराठी मुलखातील दोन शास्त्रज्ञांचे कार्य विशेष उल्लेखनीय आहे. पुण्याच्या आंतरविश्वविद्यालयीन खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्रात (आयुका) संशोधनाचे शिक्षण घेतलेले आशिष महाबळ हे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत २००७ मध्ये सुरू झालेल्या कॅटालिना तत्काल सर्वेक्षणाच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी एक आहेत. पृथ्वीजवळ येणारे लघुग्रह शोधण्यासाठी घेतलेल्या चित्रांचाच हे सर्वेक्षण दुसऱ्यांदा उपयोग करून घेते. सु. ३३,००० चौ. अंश आकाशातील ५० कोटी पदार्थांच्या तेजस्वितेचे आलेख त्याने सर्वांना खुले केले. असे लघुग्रह शोधण्याची निकड वाशीम जिल्ह्यातील वाचकास वेगळी सांगावयास नको. रिसोड तालुक्याच्या पश्चिमेस, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे, अशाच एका पदार्थाच्या आघाताने बसाल्ट खडकात सु. १·८ किमी. व्यासाचे विवर निर्माण झाले आहे.

दुसरे शास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी (१९५६– ) हे होत. त्यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे झाला. पालोमारच्या ४८ इंची दूरदर्शकावर त्यांच्या नेतृत्वाखाली २००९ मध्ये सुरू झालेल्या सर्वेक्षणात एका वेळी सु. ७ चौ. अंश भाग दिसे. या सर्वेक्षणात २४ ऑगस्ट २०११ रोजी सप्तर्षी तारकासमूहातील एम १०१ दीर्घिकेत एक अतिदीप्त नवतारा स्फोटानंतर काही तासांतच सापडला. इतक्या लवकर वेध मिळाल्यामुळे स्फोट पावलेला तारा अत्यंत लहान, म्हणजे श्वेत लघुतारा होता, हे प्रत्यक्ष पुराव्याने सांगता आले. एखाद्या आठवड्याचा विलंब झाला असता, तर हा पुरावा कायमचा गेला असता. त्याच दूरदर्शकावर २०१७ च्या अखेरीस त्स्विकी यांच्या नावाचा कॅमेरा बसविण्यात आला. त्यात एका वेळी ४७ चौ. अंश, म्हणजे पूर्ण चंद्रबिंबाच्या दोनशे पटींहून अधिक क्षेत्र मावते आणि एका तासात सु. ३,७५० चौ. अंश आकाश तपासून होते. कुलकर्णी यांना २०२४ मध्ये शॉ पारितोषिक मिळाले.

सर्वेक्षणात नवा पदार्थ आढळला, तरी रात्र संपताच तो त्या वेधशाळेच्या दृष्टीआड होतो. त्यामुळे वेगवेगळ्या रेखांशांवरील दूरदर्शकांची साखळी लागते. लडाखमधील हानले येथे सु. ४,५०० मी. उंचीवर मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था व भारतीय खगोलभौतिकी संस्था यांनी ०·७ मी. व्यासाचा स्वयंचलित दूरदर्शक २०१८ मध्ये कार्यान्वित केला, तो याच हेतूने. अवकाशातील गाइआ उपग्रहाने २०१४ ते २०२५ या काळात वेध घेतले. त्यांवरून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूचीत सु. एक कोटी रूपविकारी पदार्थ आहेत. चिलीतील व्हेरा रूबिन वेधशाळेची पहिली चित्रे २३ जून २०२५ रोजी प्रसिद्ध झाली. ८·४ मी. आरसा व ३२० कोटी चित्रबिंदूंचा कॅमेरा असलेल्या या वेधशाळेचे सर्वेक्षण दहा वर्षांचे योजिलेले आहे.

रेडिओ व किरण सर्वेक्षणे : पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटर-तरंग रेडिओ दूरदर्शकात प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्याने २०१० ते २०१२ या काळात १५० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेवर सु. ९० टक्के आकाशाचे वेध घेतले. त्यांची ६ लाखांहून अधिक उद्‌गमांची सूची २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढील काळात रेडिओ तेज बदलणाऱ्या पदार्थांसाठी ती आधारभूत नोंद ठरली आहे.

भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरील (उड्डाण २८ सप्टेंबर २०१५) कॅडमियम-झिंक-टेल्युराइड उपकरण उच्च ऊर्जेच्या किरणांचे स्फोट आकाशाच्या मोठ्या भागातून टिपते. त्याचा एक उपयोग बोधप्रद आहे. ४ जानेवारी २०१७ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून गुरुत्वीय तरंग मिळाले. सु. २३ तासांनी हवाईतील एका सर्वेक्षणाला संभाव्य दिशेतच एक मंदावत जाणारा पदार्थ दिसला. तोच त्या तरंगांचा उद्‌गम असता, तर कृष्णविवरांविषयीच्या कल्पना बदलाव्या लागल्या असत्या. परंतु ॲस्ट्रोसॅटच्या नोंदीत तरंगांनंतर सु. २१ तासांनी झालेला गॅमा किरणांचा एक स्वतंत्र स्फोट आढळला. दिसलेला पदार्थ त्या स्फोटाचा होता, असे मुंबईचे वरुण भालेराव व त्यांचे सहकारी यांनी दाखविले.

गुरुत्वीय तरंग व औंढा नागनाथ : गुरुत्वीय तरंगांचा शोधक हा कानासारखा आहे. त्याला तरंग आल्याचे कळते, दिशा मात्र नीट कळत नाही. तरंग दोन शोधकांकडे किती अंतराने पोहोचला, यावरून ती काढावी लागते. अमेरिकेतील दोन शोधकांमध्ये हे अंतर जास्तीत जास्त एक शतांश सेकंद असते. तिसरा शोधक मिळाल्यास अनिश्चिततेचे क्षेत्र पुष्कळ आकुंचन पावते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांचे मीलन झाले, तेव्हा इटलीतील शोधकाच्या मदतीने हे क्षेत्र सु. ३० चौ. अंशांपर्यंत आले. त्यामुळे सु. ११ तासांत चिलीतील एका दूरदर्शकास १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेत तो नवा प्रकाश दिसला. खोडदच्या दूरदर्शकानेही पुढे त्याचे रेडिओ वेध घेतले. सोने, प्लॅटिनम यांसारखी जड मूलद्रव्ये अशा मीलनांत तयार होतात, याचा सबळ पुरावा या वेधांतून मिळाला.

२५ एप्रिल २०१९ रोजी अशीच घटना पुन्हा घडली. त्या वेळी अमेरिकेतील एक शोधक बंद होता आणि इटलीतील शोधकास क्षीण संकेत मिळाला. परिणामी अनिश्चिततेचे क्षेत्र सु. ८,२८४ चौ. अंश, म्हणजे सर्व आकाशाच्या एकपंचमांश इतके झाले. पालोमारच्या कॅमेऱ्याने पहिल्या दोन रात्रींत सु. ८,००० चौ. अंश आकाश तपासले आणि सु. ३,३८,००० इशाऱ्यांतून १५ पदार्थ निवडण्यात आले. हानलेसह अनेक वेधशाळांनी शोध घेतला, तरी उद्‌गम सापडला नाही. ती घटना पुन्हा पाहता येणार नाही.

ही उणीव भरून काढण्यास आणखी एक शोधक उपयोगी पडणार आहे. त्यासाठी निवडलेले स्थळ वाशीमच्या दक्षिणेस लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा गावाजवळ आहे. भूकंपीय कंपने व मानवी वर्दळ यांचा उपद्रव कमी असणे, हे या निवडीचे एक कारण होय. लायगो-इंडिया या प्रकल्पास केंद्र सरकारने २०१६ मध्ये तत्त्वतः व एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मान्यता दिली. पायाभरणी ११ मे २०२३ रोजी झाली. शोधकाच्या काटकोनातील प्रत्येक भुजेची लांबी ४ किमी. असेल. संकेत ओळखण्याच्या गणिती पद्धतींचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या आयुकातील संजीव धुरंधर हे अग्रगण्य होत. येथील व अमेरिकेतील शोधकांमध्ये तरंग पोहोचण्याचे अंतर ३५ ते ४० सहस्रांश सेकंदांपर्यंत जाऊ शकेल. अंतर जितके मोठे, तितकी दिशा अधिक अचूक मिळते.

औंढ्याजवळील या स्थळाचे रेखांश सु. ७७° २′ पू. आहेत. म्हणजे वाशीमच्या जवळजवळ थेट दक्षिणेस, सु. ५५ किमी. अंतरावर, त्याच रेखावृत्तावर ते वसले आहे. वत्सगुल्मास मध्यरेखेवर मानणाऱ्यांनी ग्रहणाच्या वेळांतील फरकावरून पृथ्वीवरील स्थान ठरविले. येथील शोधक तरंगांच्या वेळांतील फरकावरून आकाशातील स्थान ठरवील. हा योगायोग आहे, परंपरा नव्हे. तथापि दोन्हींमागील तर्क एकच आहे.

महत्त्व : औंढ्याचा शोधक दिशा दाखवील, पण त्या दिशेला नवे काय आहे हे सांगण्यासाठी तेथे आधी काय होते, याची नोंद हाताशी असावी लागेल. ती नोंद सर्वेक्षणेच पुरवितात. अनेक सर्वेक्षणांची सामग्री आज सर्वांस खुली असल्याने महाविद्यालयीन विद्यार्थी व हौशी निरीक्षक यांनाही तीत संशोधन करता येते. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्थांनी (स्था. १९४४) हौशी निरीक्षणाची परंपरा राज्यात रुजविली आहे. हार्व्हर्डच्या काचपट्ट्यांवर एका शतकानंतरही नवे शोध लागतात, कारण ज्या रात्री काहीच घडले नाही असे वाटले, त्या रात्रींच्याही काचपट्ट्या तेथे जपून ठेवलेल्या आहेत.